घोड्याला पाणी कधी पाजलं?

अण्णा,

तुमच्या तेराव्याला लोकांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो, माईक हातात घेतला, 'हॅलो' म्हणून तो चालू आहे याची खात्री केली आणि खाली बसलो. आपल्या भरे गावातल्या मंडळींना वाटलं, मला हुंदका आला. दोघांनी पाठीवर हात ठेवला, एकानं पाणी आणलं. हुंदका नव्हता अण्णा. काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

पंचवीस वर्षं मी बोलून पोट भरतोय. भुकूमपासून पौडापर्यंत लग्न असो, सत्कार असो की दुकानाचं उद्घाटन, माईक माझ्याकडं. तुम्ही मला 'नाटक्या' म्हणायचात. मला गप्प बसवायचा एकही उपाय तुम्हाला जिवंतपणी सापडला नाही. गेल्यावर बरोबर सापडला.

बाकीचे चांगलं बोलले. तुम्ही सोसायटीत काय केलंत, रस्त्याला जमीन कशी दिलीत, कुणाकुणाच्या वाटण्या भांडणाशिवाय कशा करून दिल्यात, सगळं आलं. माझ्यापाशी त्यातलं काहीच नव्हतं. मी काय सांगणार होतो? की गेलं वर्षभर आपण दोघं एका घोड्यावरून भांडत होतो?

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसलो की उठतो. आंघोळीला गेलो की टॉवेल विसरून बाहेर येतो. बायको म्हणते, "जरा टेका कुठंतरी." टेकतो, आणि टेकलो की तुमचा प्रश्न ऐकू येतो.

पुस्तक माझंच होतं, हा गुन्हा आधी कबूल करतो. पौडच्या एका सत्कारात मला शाल, नारळ आणि ते मिळालं. शाल बायकोनं कपाटात टाकली, नारळाची चटणी झाली, पुस्तक उरलं. विटेएवढं जाड. मुखपृष्ठावर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा, त्यावर तलवार उगारलेला रणधीर, पाठीमागं जळता किल्ला. गोष्ट एका वाक्यात सांगता येते. रणधीरला एक मोहरबंद खलिता किल्ल्यावरून कोकणातल्या बंदरावर पोचवायचाय, आणि पाचशे पानं सगळं जग त्याला तो पोचवू देत नाही.

साखरेनं आधी तुमची नजर नेली होती, मग मूत्रपिंडं. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही पुण्याला, डायलिसिसच्या मशीनवर. उरलेल्या दिवशी दुपारी चारला मी तुमच्या पडवीत. तुम्ही खाटेवर, काकी आतल्या उंबऱ्यापाशी काहीतरी निवडत. माडीवर भाड्यानं राहणारी प्रियांका, वाशीमची पोरगी, पिरंगुटच्या कंपनीत नोकरीला. घरून काम असलं की ती लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसायची आणि आपल्यालाच ऐकायची.

श्रावणात देवळात पोथी लागली की मी वाचणारा आणि तुम्ही अर्थ सांगणारे, हे मला मिसरूड फुटल्यापासून ठरलेलं. मी ओवी म्हणायची आणि थांबायचं. तुम्ही "म्हंजी" अशी सुरुवात करून तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा, मग "हं, हाक पुढं" म्हणायचं. तुमचं "हाक पुढं" आल्याशिवाय मी पुढची ओवी काढायची नाही. ऐकणाऱ्यांनी मधे बोलायचं नाही. कादंबरी तशी वाचायची असं आपण काही ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी पहिलं वाक्य वाचलं आणि सवयीनं थांबलो, एवढंच.

"'काळोखाच्या उदरातून विद्युल्लतेच्या वेगाने एक शुभ्र अश्व झेपावला.'"

"म्हंजी," तुम्ही सवयीनं म्हणालात, "अंधारात घोडं पळालं. हं, हाक पुढं."

जिन्यात प्रियांका फिस्सकन हसली, आणि मग दुसरी कुठली पद्धत सुचलीच नाही.

तुम्हाला ते पुस्तक पसंत नव्हतं. हे तुम्ही रोज सांगत होतात, न चुकता.

"ह्या रणधीराला आई हाय का रं?"

"आहे की. पहिल्या प्रकरणात नाही का ओवाळलं तिनं?"

"मग तिची आठवन न्हाई येत त्याला?"

"घाईत आहे तो, अण्णा."

"आन् त्या पोरीला तिसऱ्यांदा पळवली. कुनी इचारलं का तिला, बाई, तू जेवलीस का? ही मानसं न्हाईत, नाटक्या. सोंगट्या हायेत. फासं पडलं की सरकत्यात."

आणि मग मी पान दुमडून उठलो की तुमचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

"आरं, कुटं निघालास? दोर कापला का न्हाई त्यानं?"

"ते उद्या."

"उद्या मी मशीनवर हाय!"

"मग परवा."

"दोन दिस त्यो त्या कड्यावं लटकत ऱ्हानार व्हय? तुजं वाटोळं हुईल!"

मला फार मजा यायची, खोटं कशाला बोलू? मुद्दाम कड्यावरच थांबायचो मी. माझं म्हणणं होतं की गोष्ट पळती पाहिजे. समोरचा माणूस घड्याळाकडं बघायला लागला की माझा अर्धा जीव जातो. रणधीरच्या लेखकाला वाचताना कुणी घड्याळ बघत नाही, यातच सगळं आलं, असं मी तावातावानं सांगायचो. पण घरी परत जाताना मनात काहीतरी टोचायचं. इतकी माणसं मेली आणि त्यातल्या एकाचंही तोंड मला आठवत नसे. तुम्ही शिव्या देत त्या पुस्तकावर जीव टाकला होता, आणि मी त्याची बाजू घेता घेता त्याला विटलो होतो. हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

आणि मग तो प्रश्न. चौथ्या प्रकरणात रणधीर निघाला होता, सहाव्यात अजून पळत होता. तुम्ही अर्थ सांगता सांगता थांबलात.

"घोड्याला पानी कवा पाजलं?"

मी पानं चाळली. "नाही पाजलेलं."

"कालपास्नं?"

"अण्णा, कादंबरी आहे ही. पाणी पाजलं असेल असं गृहीत धरायचं."

"गृहीत धरून तान भागती व्हय रं?"

त्यानंतर रोज. लढाई होवो, भुयार सापडो, शत्रू खदाखदा हसो, तुम्ही सगळ्याचा अर्थ सांगायचात आणि शेवटी तेच विचारायचात. पुस्तकात घोड्याला नावसुद्धा नव्हतं. तुम्ही तुमच्या जुन्या बैलाचं नाव त्याला देऊन टाकलंत, पाखऱ्या. "पाखऱ्याला पानी?" मी वैतागलो. आणि वैतागलेला नाटक्या काय करतो? पदरचं घालतो.

एका दुपारी मी पुस्तकात डोळे घालून खणखणीत आवाजात वाचलं, "'वाटेत एक ओढा लागला. रणधीर खाली उतरला. त्याने लगाम सैल केला आणि तो तहानलेला अश्व पाण्यापाशी नेला.'" आणि थांबलो. पकडला जाणार, असंच वाटलं होतं. तुमच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली.

"म्हंजी," तुम्ही म्हणालात, "जनावराला मान खाली घालू दिली. हे ब्येस केलं. हं, हाक पुढं."

मला चटकच लागली अण्णा. मग मी ओढे काढले, टाकी काढली, कुण्या म्हातारीच्या अंगणातली दगडी डोणी काढली. तुम्ही दुरुस्त्या सुचवायला लागलात.

"प्याला आन् लगी उठला? आसं नसतं. आधी फुंकर मारून वरचा कचरा बाजूला करतंय जनावर. मग व्हट लावतंय. आन् मधी एकदा मान वर करून बघतंय, कुनी हाय का. मग परत पितंय."

पुढच्या खेपेला रणधीरचा घोडा फुंकर मारून, ओठ लावून, मान वर करून, पुन्हा प्यायला. लढाया मी दोन वाक्यांत उरकायला लागलो. पाणी मात्र सावकाश.

आता जे सांगायचंय ते उभ्यानंच सांगतो, बसून जमणार नाही. तुम्हाला दिवसाला दोन फुलपात्रं पाणी होतं. चहा, आमटी त्यातच. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि काकींनी पाळलेलं. ते फुलपात्र त्या वेगळं ठेवायच्या, दुसऱ्या कुणाला वापरू द्यायच्या नाहीत. तुम्ही मागायचात, त्या बर्फाचा एवढासा खडा तुमच्या जिभेवर ठेवायच्या. "हिच्या हातनं येकवेळ धरनाचा दरवाजा सुटंल," तुम्ही मला म्हणायचात, "पन पानी सुटायचं न्हाई." मी हसायचो. काकी हसायच्या नाहीत, निवडणाचं ताट घेऊन आत जायच्या. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. माझ्या हातात चहाचा कप असायचा. आणि मला आपलं वाटत होतं की तुम्ही वाङ्मयावर बोलताय.

मग मी पुस्तक पडवीतच ठेवून भाचीच्या लग्नाला चार दिवस साताऱ्याला गेलो. परत आलो तर तुम्ही खाटेवर ताठ बसलेले.

"शेवट जसा ल्हिलाय तसाच वाचायचा. एक अक्षर हिकडं न्हाई, एक तिकडं न्हाई."

"मी लिहिलेलंच वाचतो, अण्णा."

"व्हय, म्हाईत हाय. तरी पोथीची आन घे."

मी हसत हसत शपथ घेतली आणि पुस्तक घरी आणून पहिल्यांदाच शेवटचं प्रकरण आधी वाचून पाहिलं. घाट उतरताना, बंदर समोर दिसायला लागल्यावर: 'घोडा कोसळला. रणधीरने मागे वळून पाहिले नाही.' पुढच्या ओळीत दुसरा घोडा. पाचशे पानं ज्यानं त्या बाबाला पाठीवर वाहिलं, त्याच्या वाट्याला दोन शब्द.

हे मी तुम्हाला वाचून दाखवायचं होतं. शपथेवर.

म्हणून मी शेवट काढलाच नाही. आठ बैठका मी पुस्तक उघडं धरून मनाचं बोलत होतो. रणधीरला रस्ता चुकवला. त्याला ताप आणला, पाच दिवस एका धनगराच्या वाड्यावर निजवला. तोवर घोडा नुसता चरतोय आणि पाणी पितोय. एकदा तर त्याला माले गावाच्या पुढं नेला आणि बोलायच्या भरात समोर मुळशी धरणाचं पाणी पसरवून बसलो. "'तो अथांग जलाशय पाहून अश्वाने आनंदाने फुरफुर केली.'"

"आरं," तुम्ही म्हणालात, "रणधीराच्या टायमाला धरान कुटलं?"

जिन्यात प्रियांका खोकली.

"नदी हुती तवा," तुम्ही हळूच म्हणालात. "मुळा. तिच्यावं न्हे त्याला."

मी त्याला नदीवर नेला. त्या वेळी मला एवढंच वाटलं की थोडक्यात निभावलं. तुम्ही मला हात धरून नदीवर नेलंत, हे आता कळतंय.

शेवटच्या दुपारी तुम्ही विचारलंत, "किती पानं ऱ्हायलीत?"

"थोडी."

"पंधरा दिस झालं, थोडीच हायेत."

"संपवतो अण्णा. उद्याच."

"उद्या मशीन. परवा ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला न्यायची गाडी दारात आली आणि तुम्ही तिच्यात बसला नाहीत. काकी उठवायला गेल्या तेव्हाच कळलं.

तेराव्याच्या दिवशीचंच अजून एक सांगायचं राहिलं. जेवणं उरकल्यावर प्रियांकानं मला जिन्यात गाठलं.

"काका, रागावू नका. तुम्ही लग्नाला गेलते ना, तेव्हा अण्णांनी माझ्याकडून वाचून घेतलं. तीन प्रकरणं झाली तरी मधेमधे विचारायचे, पाणी कुठं आहे? मी म्हटलं, पाणी तर नाही ना इथं. मग मागचं वाच म्हणाले. त्याच्या मागचं वाच म्हणाले. काका, पूर्ण पुस्तकात पाणी कुठंच नाही."

"मग?"

"मग हसले. इतके हसले की काकी धावत आल्या. आणि म्हणाले, आता शेवटचं प्रकरण वाच."

"वाचलंस?"

"वाचलं."

"काही म्हणाले?"

तिनं तुमचा आवाज काढायचा प्रयत्न केला. वाशीमच्या पोरीच्या तोंडी आपली भऱ्याची बोली. "नाटक्याला बोलू नगंस. त्यो पाजतोय तवर पाजू दे."

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. घोडा मरतो हे माहीत होतं, मी खोटं वाचतोय हे माहीत होतं, आणि तरी आठ बैठका तुम्ही "म्हंजी" म्हणून माझ्या थापांचा अर्थ सांगत राहिलात. बरं, हे कळलं. पण मग शपथ कशाला घेतलीत? मी शेवट लांबवावा म्हणून? की आयुष्यात एकदा तरी या नाटक्यानं कडू गोष्ट सरळ तोंडावर सांगावी म्हणून? मी रोज यावर वेगवेगळी उत्तरं काढतो आणि तुमच्याशी भांडतो. तुम्ही उत्तर देत नाही. हा अन्याय आहे. आपल्या भांडणात एकानं असं उठून जायचं ठरलेलं नव्हतं.

त्या लेखकाचंही मला कळेनासं झालंय. एक दिवस त्याला पत्र लिहायला बसलो होतो, चांगलं झणझणीत. 'महाशय, आपण पाचशे पानांत एका मुक्या जनावराला घोटभर पाणी...' आणि तिथंच पेन थांबलं. त्यानं चार ओळी पाण्याच्या लिहिल्या असत्या, तर मी त्या तशाच वाचल्या असत्या आणि चहा पिऊन घरी गेलो असतो. तो घाईत होता म्हणून मला जागा मिळाली. सगळ्या मांडवांत, सगळ्या माईकवर मी लोकांचंच बोललो. माझं स्वतःचं असं जे काही मी आजवर रचलं, ते त्या एका घोड्याच्या तहानेत. आणि ऐकणारे तुम्ही. मी त्या माणसाला शिव्या देऊ की आभार मानू? पत्र फाडलं.

पण पोथी अर्धी ठेवत नाहीत. काल चारला पुस्तक घेऊन तुमच्या घरी गेलो. तुमची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. काकी त्यांच्या उंबऱ्यापाशी बसल्या, हातात निवडण नव्हतं. प्रियांका जिन्यात. मी सांगितलं, "अण्णांना शब्द दिलाय, शेवट लिहिलाय तसा वाचतो," आणि वाचायला लागलो. एक अक्षर इकडं नाही, एक तिकडं नाही. प्रत्येक परिच्छेदाला थांबत होतो, काय करणार, चाळीस वर्षांची सवय. अर्थ कुणी सांगत नव्हतं. थोडं थांबायचं आणि पुढं जायचं. घाट आला. बंदर दिसलं.

"'घोडा कोसळला.'"

मी थांबलो. पुढचं वाक्य समोर दिसत होतं, पण तोंडातून निघेना. प्रियांकानं मान खाली घातली.

"म्हंजी," काकी म्हणाल्या.

अण्णा, इतक्या वर्षांत त्या पोथीला कधी मधे बोलल्या नव्हत्या. देवळात नाही, पडवीत नाही.

"म्हंजी, तानलं हुतं त्ये."

मी पुस्तकातून मान वर केली.

"रोज पाजत हुतास की त्याला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, फक्त विचारत होत्या. "येक दिस चुकला न्हाईस. आन् आजच का न्हाई पाजलंस?"

"काकी, पुस्तकात असंच लिहिलंय."

"आसंल. पन मागं जा. घाटाच्या आदी कुटं आसंल बघ पानी. नीट बघ."

तुम्हाला दिलेला शब्द मी पाळला होता, एकदा. मी चष्मा काढून पुसला. मग पान मागं उलटलं, घाट सुरू व्हायच्या आधी गेलो, बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागलो.

"'घाटमाथ्यावर एक झरा होता. रणधीर खाली उतरला. त्याने लगाम काढूनच टाकला. पाखऱ्याने फुंकर मारून वरची पानं बाजूला केली, ओठ टेकवले, एकदा मान वर करून मागं बघितलं आणि पुन्हा प्यायला लागला. तो पुष्कळ वेळ पीत होता. कुणी मोजत नव्हतं.'"

"हं," काकी म्हणाल्या. "हाक पुढं."